होमरूल : शब्द तोच, पण घर कुणाचं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक आलेख केला होता. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात 'होमरूल' हा शब्द टाकायचा, कोणत्या वर्षी तो किती वेळा येतो ते मोजायचं आणि रेघ काढायची. रेघ झकास आली. १८८६ ला उंच, १८९३ ला उंच, १९१२ नंतर पुन्हा उंच, आणि मग १९१६-१७ ला भारतीय वर्तमानपत्रांत एकदम उसळी. मी खूश. आलेखाखाली वाक्यही लिहून टाकलं, की होमरूलची कल्पना आयर्लंडमधून भारतात आली आणि इथे रुजली.

माझ्या मार्गदर्शकांनी आलेख पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यातलं घर कुणाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. "सर, होमरूल म्हणजे होमरूल ना?"

"मग १८७७ ची ही अमेरिकेतली कात्रणं तुमच्या यादीत काय करतायत? तिथेही आयरिश लोकच होते का?"

मी कात्रणं उघडूनच पाहिली नव्हती. फक्त मोजली होती. आजची पोस्ट त्या चुकीबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण आता सिनॉप्सिस लिहीत असतील, शब्द टाकून संग्रह धुंडाळत असतील. एकच शब्द दहा ठिकाणी सापडला म्हणजे एकच कल्पना दहा ठिकाणी सापडली, असं समजू नका. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून होमरूलचीच गोष्ट सांगते.

डब्लिन : घर म्हणजे आयर्लंड

१८०० च्या कायद्याने आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बंद झाली आणि १८०१ पासून तिचा कारभार लंडनच्या पार्लमेंटमधून सुरू झाला. १८७० साली आयझॅक बट या वकिलाने डब्लिनमध्ये एक संघटना काढली, १८७३ मध्ये तिच्या जागी होमरूल लीग आली. मागणी मर्यादित होती. आयर्लंडच्या अंतर्गत बाबींसाठी डब्लिनला कायदेमंडळ हवं. राजा तोच, साम्राज्य तेच, लष्कर आणि परराष्ट्र धोरण लंडनकडे. म्हणजे आज आपण ज्याला स्वायत्तता म्हणू ती. स्वातंत्र्य नव्हे.

पण ऐकणाऱ्याला तो शब्द मर्यादित वाटला नाही. ग्लॅडस्टनचं पहिलं विधेयक १८८६ मध्ये कॉमन्स सभागृहात ३० मतांनी पडलं. दुसरं १८९३ मध्ये कॉमन्समध्ये पास झालं आणि लॉर्ड्सनी ते ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळलं. तिसरं १९१२ मध्ये आलं, तेव्हा उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले प्रॉटेस्टंट लोक उठले. कॅथलिक बहुसंख्येच्या डब्लिनच्या हातात आपला कारभार जाणार, ही त्यांची भीती. सप्टेंबर १९१२ मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास स्त्री-पुरुषांनी होमरूलविरोधी प्रतिज्ञांवर सह्या केल्या. एकाला घर परत मिळणं वाटतं, ते दुसऱ्याला घरातून हाकलणं वाटतं. तेही एकाच बेटावर, एकाच वर्षी.

तेव्हा पहिली नोंद करून ठेवा : शब्दाच्या 'मूळ' गावीसुद्धा त्याचा एकच अर्थ नसतो.

अमेरिका : घर म्हणजे गोऱ्यांचं घर

आता त्या १८७७ च्या कात्रणांकडे येऊ. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, गुलामी कायद्याने गेली. त्यानंतर दक्षिणेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या फौजा होत्या आणि कृष्णवर्णीय पुरुष मतदान करू लागले होते, निवडूनही येत होते. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. हेज अध्यक्ष झाले आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानातल्या सरकारी इमारतींभोवतीच्या फौजा त्यांनी मागे घेतल्या. दक्षिणेतले गोरे डेमोक्रॅट पुढारी यालाच म्हणत होते, होमरूल. आमचा कारभार आम्ही पाहू, वॉशिंग्टनने लक्ष घालू नये.

शब्द ऐकायला किती सोज्वळ! पण 'आम्ही' मध्ये निम्मा समाज नव्हता. पुढच्या काही दशकांत दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार नाना कायद्यांनी काढून घेतला गेला, रेल्वेचे डबे आणि शाळा वेगळ्या झाल्या. आयर्लंडमध्ये जो शब्द सत्ता नसलेल्यांनी उचलला होता, तोच इथे सत्ता परत हिसकावणाऱ्यांनी उचलला.

गंमत अशी की त्याच देशात, त्याच दशकात याच शब्दाला एक तिसरा, अगदी कोरडा प्रशासकीय अर्थही मिळाला. मिसूरी राज्याच्या १८७५ च्या घटनेने एक लाखावर वस्तीच्या शहरांना स्वतःची सनद तयार करायची मुभा दिली आणि सेंट लुइसने १८७६ मध्ये ती वापरली. शहराने आपल्या गटारांचं, रस्त्यांचं, करांचं स्वतः ठरवावं, याला तिथल्या कायद्याच्या पुस्तकांत होमरूल म्हणतात. आपल्याकडच्या महापालिकांच्या स्वायत्ततेसारखा विषय. यात ना राष्ट्र आहे ना वंश.

आणि याच प्रशासकीय अर्थाने १९७३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनसाठी होमरूलचा कायदा झाला. शंभर वर्षांच्या खंडानंतर त्या शहराला स्वतःचा महापौर निवडता येऊ लागला, आणि तेव्हा ते कृष्णवर्णीय बहुसंख्य शहर होतं. १८७७ मध्ये ज्यांना वगळण्यासाठी शब्द वापरला गेला, जवळजवळ शंभर वर्षांनी त्यांच्याच वंशजांना मत मिळालं ते त्याच शब्दाखाली. माझ्या आलेखात या सगळ्यांची एकच रेघ होती.

बेळगाव, एप्रिल १९१६

आता आपल्याकडे. भारताच्या संदर्भात हा शब्द टिळकांनी पहिल्यांदा वापरला असं नाही. श्यामजी कृष्णवर्मांनी फेब्रुवारी १९०५ मध्ये लंडनमध्ये इंडियन होमरूल सोसायटी काढली होती. शब्द आयरिश होता, पण श्यामजींच्या भोवती जमलेली तरुण मंडळी लवकरच साम्राज्याच्या आतल्या स्वायत्ततेच्या कितीतरी पुढे गेली.

टिळकांची गोष्ट वेगळी. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून ते जून १९१४ मध्ये परतले. राजद्रोहाच्या आरोपाखाली १८९७ आणि १९०८, अशी दोनदा शिक्षा झालेली. शब्द किती महाग पडतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 'स्वराज्य' या शब्दाकडे सरकार संशयाने पाहत होतं. 'होमरूल'चं तसं नव्हतं. तो खुद्द ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तीस वर्षं चर्चिला गेला होता, एका ब्रिटिश पंतप्रधानाने त्यासाठी दोनदा विधेयक आणलं होतं, आणि सप्टेंबर १९१४ मध्ये आयर्लंडसाठी तसा कायदाही मंजूर झाला होता (युद्धामुळे अंमल मात्र पुढे ढकलला). जो शब्द राजाच्या सहीने कायद्यात गेला, तो मागणं राजद्रोह कसा? माझ्या वाचनात टिळकांच्या निवडीचं मर्म इथे आहे. त्यांनी आयर्लंडची कल्पना जशीच्या तशी उचलली असं म्हणण्यापेक्षा, आयर्लंडने त्या शब्दाला मिळवून दिलेली कायदेशीर प्रतिष्ठा उचलली, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

२८ एप्रिल १९१६ ला बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. आता तारीख पुन्हा वाचा. चारच दिवस आधी, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये ईस्टरचं सशस्त्र बंड सुरू झालं होतं. बेळगावात लीग जन्माला येत होती तेव्हा डब्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता. ज्यांनी बंड केलं त्यांना होमरूल पुरेसं नव्हतं, प्रजासत्ताक हवं होतं. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा प्रजासत्ताकवादी शिन फेनला मिळाल्या आणि होमरूलवाल्या जुन्या पक्षाला फक्त ६. म्हणजे शब्द पुण्यात तरणाबांड होत होता, तेव्हा जन्मगावी तो म्हातारा होऊन चालला होता.

"कल्पना आयर्लंडमधून भारतात आली आणि रुजली" या माझ्या वाक्यात हे कुठे बसतं? बसत नाही.

कोर्टात मराठी म्हण

लीगच्या प्रचारासाठी टिळकांनी १ मे रोजी बेळगावात आणि मे अखेरीस अहमदनगरला मराठीतून भाषणं केली. २३ जुलैला पुण्यात त्यांची साठी साजरी झाली, लोकांनी एक लाखाची थैली दिली, आणि त्याच दिवशी सरकारची नोटीस आली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. टिळकांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला.

या खटल्यात बंदूक नव्हती, कट नव्हता. होती फक्त तीन भाषणं, आणि वाद होता त्यांच्या अर्थाचा. टिळकांचा युक्तिवाद भाषणांतच होता : सम्राट एक आणि सम्राटाच्या नावाने कारभार हाकणारे अधिकारी दुसरे. ही वाटणी सांगताना त्यांनी वेदान्तातल्या ब्रह्म आणि मायेचा दाखला दिला. कल्पना करा, समोर बसलेल्या माणसाला कीर्तनातून हे सगळं ओळखीचं, आणि सरकारी भाषांतरकाराला ते इंग्रजीत बसवायचं आहे.

मी या भाषणांचं इंग्रजी भाषांतर वाचत होते तेव्हा एका जागी अडले. आम्हाला इंग्रजांचं राज्य हवं आहे, मधले मध्यस्थ नकोत, अशा आशयाचं वाक्य आहे. त्यापुढे येतं की धान्य धन्याचं, शिधा धन्याचा, फक्त या मध्यस्थांचं दुखणारं पोट दूर करा. इंग्रजीत हे वाचून काय कळणार? कुणाचं पोट, का दुखतंय? दोन दिवस मी त्यावर अडून बसले होते. मग आजीची म्हण आठवली : खर्चणाऱ्याचं खर्चतं आणि कोठावळ्याचं पोट दुखतं. झालं! वाक्य उलगडलं. राजा द्यायला तयार आहे, कोठाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या नोकराचा जीव मात्र वरखाली होतोय. अहमदनगरच्या बाजारपेठेत बसलेल्या श्रोत्याला होमरूल कळलं असेल ते डब्लिनच्या संसदेवरून नव्हे, या कोठावळ्यावरून.

बॅचलर यांनी निकालात सुटी वाक्यं न उचलता भाषण अखंड वाचावं आणि ऐकणाऱ्यांवर त्याचा स्वाभाविक परिणाम काय होईल ते पाहावं, अशी भूमिका घेतली. संशोधक म्हणून मला हा निकाल फार आवडतो. न्यायाधीशाने जे केलं तेच तर आपल्याला करायचं आहे : शब्द वेगळा काढून मोजू नका, तो कुणापुढे बोलला गेला ते पाहा. स्वराज्य मागणं हा गुन्हा नव्हे, असा चळवळीने निकालाचा अर्थ लावला आणि प्रचार आणखी जोरात झाला.

आणि मुळात 'स्वराज्य' हा शब्द तरी कोरा होता का? मराठेशाहीच्या कागदांत स्वराज्य हा मुलखाच्या वाटणीचाही शब्द आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य, अशा सनदा आणल्या. त्यात स्वराज्य म्हणजे छत्रपतींचा पूर्ण अंमल असलेला मुलूख. १९१६ च्या मराठी श्रोत्याच्या कानावर होमरूलसोबत हा शब्दही पडत होता, शिवाजी महाराजांच्या आठवणीसकट. इंग्रजी कागदात फक्त होमरूल उरलं, की ती आठवण गळून पडते.

घर कुणाचं?

सप्टेंबर १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला दुसरी होमरूल लीग काढली. दोन लीगनी मुलूख वाटून घेतला. पण ही चळवळ वाढत असतानाच सरांचा प्रश्न अनेक जण विचारत होते, माझ्या शंभर वर्षं आधी.

डिसेंबर १९१६ मध्ये मद्रासमध्ये ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला. त्यांचं म्हणणं, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या मूठभर ब्राह्मणांच्या हातात असताना होमरूल आलं तर ते कुणाचं राज्य असेल? महाराष्ट्रातही शाहू महाराजांनी आधी जातवार प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. आणि १६ जानेवारी १९१९ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक महार' या सहीने एक पत्र आलं. लिहिणारे होते डॉ. आंबेडकर. आशय असा की होमरूल हा ब्राह्मणाचा जेवढा जन्मसिद्ध हक्क आहे तेवढाच महाराचाही आहे. त्यांनी शब्द नाकारला नाही, सरकारचीही तळी उचलली नाही. जन्मसिद्ध हक्काची तीच घोषणा हातात घेतली आणि विचारलं की या घरात आम्ही कुठे राहतो.

हे पत्र वाचल्यावर मी माझा आलेख फाडला नाही, पण बाजूला ठेवला. कारण त्या पत्रातलं 'होमरूल' माझ्या मोजणीत टिळकांच्या खात्यात जमा झालं होतं. वाचलं नसतं तर आंबेडकर माझ्या प्रबंधात होमरूलचा प्रसार करणारा एक आकडा म्हणून गेले असते. पद्धतीची चूक नुसती तांत्रिक नसते. ज्याने प्रश्न विचारला त्याचा आवाजच ती पुसते.

शब्द टाकून दिला जातो तेव्हा

शेवट थोडक्यात. गांधीजींनी १९०९ मध्ये गुजरातीत 'हिंद स्वराज' लिहिलं. १९१० च्या इंग्रजी आवृत्तीचं नाव 'इंडियन होमरूल'. पण आत आयरिश छापाचं काहीच नाही. इंग्रज गेले आणि त्यांची पद्धत राहिली तर ते स्वराज्य नव्हे, स्वराज्य म्हणजे आधी स्वतःवर राज्य, असा तो विचार. एप्रिल १९२० मध्ये गांधीजी बेझंटबाईंनी काढलेल्या लीगचे अध्यक्ष झाले आणि ऑक्टोबरमध्ये तिचं नाव बदलून स्वराज्य सभा केलं. जिनांसह काही सभासद राजीनामा देऊन बाहेर पडले. साम्राज्याच्या आत राहण्याचा जो अर्थ 'होमरूल'मध्ये गृहीत होता, तो नव्या ध्येयवाक्यात उरला नव्हता. ज्या जिनांनी चार वर्षांपूर्वी स्वराज्याची भाषणं करणाऱ्याचं वकीलपत्र घेतलं होतं, ते नाव बदलल्यावर निघून गेले! नुसता शब्द बदलला, असं कसं म्हणणार?

आणि तिकडे आयर्लंडमध्ये? १९२० च्या कायद्याने प्रत्यक्षात होमरूल चाललं ते फक्त उत्तर आयर्लंडमध्ये. १९२१ पासून १९७२ पर्यंत तिथे स्वतंत्र पार्लमेंट होती. म्हणजे ज्यांनी होमरूलविरुद्ध प्रतिज्ञांवर सह्या केल्या, त्यांनाच ते मिळालं.

तुमच्यासाठी काय?

क्वेंटिन स्किनर यांचा १९६९ चा निबंध आणि रेमंड विल्यम्स यांचं १९७६ चं 'कीवर्ड्स' तुम्ही पुढे वाचालच. तोवर माझ्या वहीत सरांनी लिहायला लावलेले चार प्रश्न देते. कोणताही शब्द सापडला की हे विचारा :

१. कोण बोलतंय आणि कुणापुढे? कोर्ट, बाजार, संसद आणि वर्तमानपत्र यांतला अर्थ वेगळा असतो.

२. याऐवजी दुसरा कोणता शब्द वापरता आला असता, आणि तो का टाळला? (टिळकांचं 'स्वराज्य' आणि 'होमरूल' आठवा.)

३. मूळ भाषेत काय होतं? भाषांतर अडखळतं तिथेच थांबा. ती जागा म्हणजे चूक नसून खजिना असू शकते.

४. या शब्दातल्या 'आम्ही' मध्ये कोण नाही? आणि तो माणूस स्वतः हा शब्द कसा वापरतो?

शब्द मोजू नका असं मी म्हणत नाही. माझा आलेख आजही प्रबंधाच्या परिशिष्टात आहे, आणि कोणती वर्षं उघडून वाचायची हे त्यानेच सांगितलं. फक्त त्याखालचं वाक्य बदललं आहे. आता तिथे लिहिलं आहे, की या रेघेत निदान सहा वेगळी घरं आहेत, ती पुढच्या प्रकरणात एकेक करून उघडली आहेत.

एक करून बघा. तुमच्या विषयातला एक नेहमीचा शब्द घ्या, 'विकास', 'सुधारणा', 'सार्वजनिक', काहीही. तो सापडलेली पाच पानं घ्या आणि प्रत्येक पानावर समासात फक्त एवढं लिहा : इथे 'आम्ही' म्हणजे कोण? पाचही ठिकाणी उत्तर एकच आलं तर आणखी पाच पानं वाचा.